पोस्टरवरचे तात्या

तात्यांना फोटो काढून घ्यायची हौस म्हातारपणी लागली. सगळी हयात त्यांनी एका टेलरच्या दुकानात कापड बेतण्यात घालवली होती. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, खांदे मागे, हनुवटी वर, पोट आत घेऊ नका, नंतर शर्ट घट्ट होईल, असं सांगण्यात त्यांचा जन्म गेला. स्वतः कुणासमोर ताठ उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती सुनेनं आणली.

सून मूळची चित्रकलेतली. एका छापखान्यात ती डिझाइनचं काम करायची. छापखाना बंद पडल्यावर तिनं घरातच बस्तान मांडलं. आधी जलरंगातली पानं, वेली, कागदाच्या कडेला शोभतील अशा नक्षी काढून ती इंटरनेटवर विकायला ठेवायची. मग कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला आणि फोटोंकडे वळली. हा धंदा करायला सोपा, पण समजावून सांगायला कठीण. एक मोठी वेबसाइट असते, तिच्यावर जगभरातले लोक आपापले फोटो ठेवतात. कुणाला साबणाची जाहिरात करायची असते, कुणाला लेखाशेजारी चित्र हवं असतं. ते तिथं येतात, शोधतात, आवडेल तो फोटो घेऊन जातात. कोण नेतं आणि कशाला नेतं, हे फोटो काढणाऱ्याला कळत नाही. गेला, एवढंच कळतं.

नवऱ्याच्या हे कधी पचनी पडलं नाही. तो लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. बंद पडलेली लिफ्ट डोळ्यांदेखत हलली की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. "म्हणजे तुझं गिऱ्हाईक कोण ते तुलाच माहीत नाही?" तो विचारायचा.

"नाही. आणि गिऱ्हाइकालाही मी माहीत नाही. कटकटच नाही," ती म्हणायची.

तात्यांची सुरुवात हातापासून झाली. सुईत दोरा ओवणारा म्हातारा हात तिला हवा होता आणि घरात तो तयारच होता. हाताचा फोटो पटकन विकला गेला, मग चेहऱ्याची पाळी आली. रोज सकाळी तात्या दाढी करून, स्वतःच्या हातानं इस्त्री केलेला शर्ट घालून समोरच्या खोलीत हजर व्हायचे. "आज कोणता म्हातारा करायचा, सूनबाई?"

कधी चष्मा शोधणारा, कधी नातवाशी मोबाइलवर बोलणारा (नातू नव्हताच, पण मोबाइल कानाला लावून तात्या असे काही हसायचे की बघणाऱ्याला नातू दिसायचा), कधी औषधाची बाटली लांब धरून वाचणारा. वेबसाइटला कुठल्याही कंपनीचं नाव फोटोत चालत नसे, म्हणून सून बाटल्यांवरची लेबलं गरम पाण्यात भिजवून खरवडून काढायची. कॅमेऱ्यासमोर बसून तात्या तिलाच शिकवायचे. "कॉलर बसलेली नाही. थांब. आता घे." फोटोतल्या माणसाची परवानगी लागते, म्हणून कागदावर सही द्यावी लागे, तीही ते झोकात करायचे. सही करून झाली की म्हणायचे, "चला, नट झालो."

एक दुपार मात्र तात्यांच्या नटण्याची नव्हती. सकाळी दाढ काढून आले होते. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, तोंडातून शब्द धड फुटत नव्हता. सून स्वयंपाकघरात सूप गाळत होती. तात्या टेबलाशी बसून राहिले होते. पुढ्यात रिकामं ताट, कोपर टेबलावर, गाल तळहातावर. पडद्यातून झिरपलेला उजेड नेमका त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर आला होता. सून सूपचा वाडगा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. वाडगा तिनं फ्रिजवर ठेवला आणि कॅमेरा उचलला.

"तात्या, हलू नका."

"हलायला जीव कुठाय."

"माझ्याकडे नका बघू. ताटाकडे बघा."

तात्यांनी ताटाकडे बघितलं. तिनं भराभर फोटो घेतले, मग वाडगा त्यांच्यापुढे ठेवला. सूप तोवर कोमट झालं होतं. बरंच झालं, तात्या म्हणाले, कढत असतं तर तसंही गिळवलं नसतं.

तिनं आजवर काढलेल्या फोटोंत हा सगळ्यांत चांगला होता, हे तिला बघताक्षणीच कळलं. वेबसाइटवर चढवताना शोधणाऱ्यांसाठी शब्द द्यावे लागतात. तिनं दिले: म्हातारा, एकटा, ताट, भूक, वाट बघणं, दुर्लक्ष. यातलं एकही खरं नव्हतं, पण गिऱ्हाईक असेच शब्द टाकून शोधतं. आजार, गरिबी, छळ अशा नाजूक विषयांसाठी हा फोटो वापरला तर चालेल का, असाही एक प्रश्न असायचा. तात्यांच्या सगळ्या फोटोंना ती 'हो' म्हणत आली होती, तशी यालाही म्हणाली. तात्यांनी दुसऱ्या दिवशी, सूज उतरल्यावर, नेहमीच्या झोकात सही केली.

घरात त्या फोटोचं नाव 'दाढ' पडलं. दाढ खूप चालली. "काल दाढ पुन्हा गेली," सून जेवताना सांगायची, आणि तात्या खूश होऊन गाल चोळायचे. "उरलेल्याही काढून टाकूया का?"

पुढं वर्षभरात तात्यांचं काहीतरी बिनसत गेलं. ते सकाळी उठून कात्री शोधायचे. दुकान सोडून किती काळ लोटला, पण "आज दोन कोट द्यायचेत" म्हणून घाई करायचे. मुलाच्या छातीचं माप घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा टेप घेऊन यायचे. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तात्यांनी गोल सुरेख काढला, आकडे सगळे एका बाजूला मांडले. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी त्याची चाल मंदावेल, मागं फिरणार नाही. सुनेनं त्यांचे फोटो काढणं हळूहळू थांबवलं. पोझ देता देता ते मधेच विचारायचे, "आपण कुणाची वाट बघतोय?"

अशात एके दिवशी नवरा कामावरून लवकर आला आणि बूटही न काढता खिशातला मोबाइल तिच्यापुढे धरून हसत सुटला. तो कुठल्याशा इस्पितळात लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. लिफ्टचं दार उघडलं, तर समोरच्या भिंतीवर साक्षात बाप. हातात पाना तसाच धरून तो उभा राहिला होता.

पोस्टर मोठं होतं. दाढेचा फोटो, कडा काळ्या केलेल्या, रंग उतरवलेले. वर ठसठशीत अक्षरांत, 'घर भरलेलं. ताट रिकामं.' खाली लिहिलं होतं, 'आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज कुणी जेवायला विचारलं का? म्हाताऱ्यांचा छळ होत असेल तर गप्प बसू नका.' त्याखाली एका संस्थेचा फोन नंबर.

सुनेला क्षणभर कसंसंच झालं, पण तात्या इतके हरखले की तीही हसली. "अरे, छापून आलो की! इस्पितळात लावलाय म्हणजे डॉक्टर लोक बघत असणार." त्या संध्याकाळी सगळी चाळ, दुकानं, औषधवाला, सगळ्यांना त्यांनी मुलाचा मोबाइल नेऊन दाखवला. प्रत्येकाला दाढेची गोष्ट रंगवून सांगितली. लोकही हसले.

मग तेच पोस्टर कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर लागलं, काचेत, मागून दिवे असलेलं. आता ते दाखवायला मोबाइल नको होता. येणारा-जाणारा बघायचा, आणि प्रत्येकाला दाढेची गोष्ट माहीत नव्हती. भाजीवाली सुनेला पिशवी देताना तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघू लागली. समोरच्या दारातल्या काकू इतक्या वर्षांत कधी वाटीभर साखर मागायलाही आल्या नव्हत्या. त्या एका दुपारी झाकलेला डबा घेऊन आल्या. "तात्यांसाठी. सहज केलं होतं जास्त."

"काकू, तो फोटो मीच काढलाय. त्यांची दाढ दुखत होती."

"हो गं, मी कुठं काय म्हणाले?" काकू म्हणाल्या, आणि डबा तिच्या हातात न देता आत जाऊन तात्यांपुढे ठेवून आल्या. मग तो डबा रोजचाच झाला.

तात्यांना बसथांब्याचं वेडच लागलं. रोज जेवण झालं की ते काठी घेऊन निघायचे, स्वतःच्या पोस्टरखालच्या बाकावर जाऊन बसायचे. आधी आधी ते शेजारी बसणाऱ्याला कोपरानं ढोसून वर बोट दाखवायचे आणि गाल फुगवून दाढेचं सांगायचे. मग नुसतंच बोट दाखवायचे. मग तेही थांबलं. ते मान वळवून अक्षरं वाचत बसायचे. दाढेची गोष्ट त्यांच्या डोक्यातून कधी निसटली, कुणाला कळलं नाही. फोटो राहिला, आणि त्याच्यावरचं लिहिलेलं राहिलं.

एकदा नवरा घरी आला तेव्हा तात्या टेबलाशी बसले होते. जेवून त्यांना थोडाच वेळ झाला होता. ते मुलाला हलक्या आवाजात म्हणाले, "तू आलास म्हणजे मला आता मिळेल."

"काय मिळेल, तात्या?"

"जेवण. तू नसलास की नाही देत."

सून ओट्याशी उभी होती. तिनं वळून बघितलं. नवरा म्हणाला, "असं काय करता, तात्या, तुम्ही जेवलात की," आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला. ग्लास भरता भरता त्यानं सिंकमध्ये नजर टाकली. खरकटं ताट आहे का, ते बघितलं. फार पटकन बघितलं, पण सुनेच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यालाही ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती तात्यांच्या प्रत्येक जेवणाचा मोबाइलवर फोटो काढू लागली. ताट भरलेलं, घास तोंडात, ताट रिकामं. नवऱ्यानं मागितले नव्हते, तरी ती ते त्याला पाठवायची. त्यानं एकदा लिहिलं, "हे कशाला पाठवतेस? माझा विश्वास आहे तुझ्यावर." तिनं ते वाचलं आणि पुढचा फोटोही पाठवला.

वेबसाइटला तिनं लिहिलं. उत्तर लगेच आलं, त्यात तिचे आभार मानले होते आणि प्रश्नांच्या एका पानाकडे बोट दाखवलं होतं. तिनं पुन्हा लिहिलं, हा माझा सासरा आहे, तो आजारी आहे, हे पोस्टर बघून त्याच्या मनावर परिणाम होतोय. पुन्हा आभार. शेवटी एका माणसाचं, निदान माणसासारखं वाटणारं, उत्तर आलं. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला वाईट वाटतं. तुम्ही फोटो केव्हाही काढून टाकू शकता. मात्र ज्यांनी आधीच घेतला आहे, त्यांचा वापराचा हक्क कायम राहतो. तिनं दाढ काढून टाकली. मग मागच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे, चष्मेवाल्याचे, मोबाइलवाल्याचे, बाटलीवाल्याचे, एकेक करून काढून टाकले. बसथांब्यावर दिवे लागायचे ते लागतच राहिले.

मग तिनं पोस्टरवरच्याच नंबराला फोन केला. तिकडच्या बाई अतिशय समंजस होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"मला समजतंय हो," त्या म्हणाल्या. "पण आमची छपाई सगळीकडे गेलीय. बदलायची तर पुढच्या मोहिमेलाच बदलता येईल. आणि खरं सांगू का? इतकी वर्षं आम्ही हे काम करतोय, पण एखादा चेहरा बघून लोक असे फोन करतात हे पहिल्यांदाच अनुभवतोय. एका आजींना मागच्या आठवड्यात कुलूपबंद खोलीतून बाहेर काढलं. शेजारणीनं हे पोस्टर बघून फोन केला होता. तुमच्या सासऱ्यांच्या चेहऱ्यात काहीतरी आहे."

"दाढ आहे," सून म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही." तिला त्या बाईंवर चिडायचं होतं. चिडता येईना. त्या आजी कुलपातून बाहेर आल्या होत्या, त्यांना परत आत ढकला असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

तात्यांना आता स्वतःचा पत्ता कधी आठवायचा, कधी नाही. पण आकडे त्यांच्या डोक्यात घट्ट बसायचे, मापं घेऊन घेऊन तशी सवयच झाली होती. एका सकाळी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली असताना त्यांनी पोस्टरवरचा नंबर फिरवला आणि शांतपणे आपला पत्ता सांगितला. त्या दिवशी तोही नेमका बरोबर आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी एक बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. "आमच्याकडे या पत्त्यावरून फोन आला होता," ती म्हणाली, आणि तिची नजर आत गेली. तात्या टेबलाशी बसले होते, कोपर टेबलावर, गाल तळहातावर. बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"या, बसा," तात्या म्हणाले. "सूनबाई, चहा टाक पाहुण्यांना."

बाईंनी खुर्ची ओढली. "आजोबा, फोन तुम्ही केला होता?"

"मीच केला."

"काय त्रास होतो तुम्हाला?"

"त्रास असा काही नाही. माणसं चांगली आहेत. फक्त जेवण नाही."

"आज काय खाल्लंत?"

"आज कुठलं? परवाही नव्हतं."

"त्यांच्या शर्टावर बघा," सून पटकन म्हणाली. "पावाचा चुरा आहे. आत्ताच जेवलेत." बोलता बोलता तिला आपलाच आवाज ऐकू आला आणि तो तिला आवडला नाही. तात्यांनी खाली बघितलं, दोन बोटांनी चुरा झटकला, शर्टाची पट्टी सरळ केली. "कालचा असेल," ते म्हणाले.

सुनेनं डॉक्टरांचे कागद आणले. बाईंनी ते नीट वाचले, मान हलवली. मग सुनेनं मोबाइल पुढे केला. भरलेलं ताट, घास, रिकामं ताट. भरलेलं ताट, घास, रिकामं ताट. बाई बोटानं फोटो सरकवत गेल्या, सरकवत गेल्या, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही रोज त्यांच्या प्रत्येक जेवणाचा फोटो काढता?"

"हो."

"का?"

सुनेनं मोबाइल परत घेतला. ती उठली, कॉम्प्युटर चालू केला, तात्यांचे जुने फोटो दाखवले. हसणारे तात्या, मोबाइल कानाला लावलेले तात्या, फुलं हुंगणारे तात्या. "बघा ना, किती खूश असायचे. रोज तयार होऊन बसायचे माझ्यापुढे."

"हे नातवाशी बोलताहेत का?"

"नाही, नातू नाहीये. ती पोझ आहे."

"म्हणजे हसायला तुम्ही सांगितलंत."

"हो. म्हणजे, तसं नाही."

"आणि पोस्टरवरचा? त्यात उदास व्हायला सांगितलं होतं?"

"त्यात नव्हतं सांगितलं. त्यात ते खरंच..." सून थांबली. तिनं जितकं सांगावं तितका पाय आणखी खोल जात होता.

बाईंनी पिशवीतून लहानसा वजनकाटा काढला. तात्यांना आधार देऊन त्यावर उभं केलं. तात्यांनी खांदे मागे घेतले, हनुवटी वर केली. वजन चांगलं भरलं. "मला दिसतंय," बाई हळू आवाजात सुनेला म्हणाल्या. "माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण तक्रार आली की मला काही वेळा येऊन बघावं लागतं. शेजारी विचारावं लागतं. तो नियमच आहे."

शेजारी म्हणजे समोरच्या काकू. त्यांनी दार उघडं ठेवूनच उत्तर दिलं, म्हणजे सगळं ऐकू आलं. "मी बाई कुणाबद्दल काही बोलणार नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलू नये माणसानं. मी आपली रोज डबा देते, आणि ते सगळा संपवतात. बास."

आठवड्याच्या शेवटी नवऱ्याची मोठी बहीण आली. तिला कुणीतरी पोस्टरचा फोटो पाठवला होता, वर कोरडं 'हे तुझे वडील ना?' असं लिहून. ताई भांडायला आली नव्हती. भांडली असती तर सुनेला बरं वाटलं असतं. तिनं तात्यांचे कपडे पेटीत भरले, गोळ्यांच्या वेळा विचारून घेतल्या. "तुझी काही चूक नाही गं," ती म्हणाली. "पण तूही दमली असशील. थोडे दिवस माझ्याकडे राहू देत. माझ्या हातचं जेवतील." शेवटचं वाक्य तिनं अगदी सहज म्हटलं होतं.

नवरा पेटी खाली उतरवायला गेला. तात्या दारात वळले आणि सुनेला म्हणाले, "येतो हं. तुमचा फार त्रास घेतला." तिला ते अहो-जाहो करत होते.

ते गेल्यावर घर मोकळं झालं आणि सुनेनं कामाला जुंपून घेतलं. माणसांचे फोटो तिनं बंद केले. आता ती भिंतींचे पोपडे, गंजलेल्या पत्र्यांचे डाग, सुरकुतलेला कागद, कापडाच्या विणी असलं काहीबाही काढायची. अशांनाही गिऱ्हाईक असतं, बॅकग्राउंडला लागतात. त्यांना सही लागत नाही. दाढ मात्र तिला अजून भेटायची. तिनं एकदा शोधून बघितलं तर ती कुठं कुठं निघाली. एका दातांच्या दवाखान्याच्या पानावर होती, ते निदान खरं होतं. एका पेन्शनच्या बातमीशेजारी होती. एका परक्या देशातल्या, तिला लिपीही न कळणाऱ्या वर्तमानपत्रात होती. तिथं तात्यांच्या चेहऱ्याखाली लांबलचक मजकूर होता आणि तो कशाबद्दल आहे, तात्या तिथं कोण झाले आहेत, हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिनं शोधणं सोडून दिलं.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"ताई? काय झालं? तात्या बरे आहेत ना?"

"बरे आहेत." ताईचा आवाज फुटला. "आमच्या खालच्या दुकानदाराला सांगून आलेत. म्हणे मुलगी जेवायला देत नाही. अगं, मी त्यांना घास भरवते. माझ्या हातानं भरवते. आणि लोक माझ्याकडे असे बघतात..." ती रडत राहिली. इथं तर ते पोस्टरही नाही, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आमच्या भागात एकही पोस्टर नाही.

सुनेला आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. पोस्टर बघितलं नसतं तर ते असं म्हणाले असते का? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कदाचित म्हणालेच असते. या आजारात खूपजण म्हणतात. जेवलेलं आठवत नाही, मग जेवलोच नाही असं वाटतं. कदाचित दुसरंच काही म्हणाले असते. कोट द्यायचाय, कात्री हरवली, असं काही. हे कुणीच सांगू शकणार नाही."

ताई फार काळ टिकली नाही. तिच्या घरी पायऱ्या होत्या, तिची नोकरी होती. नवरा जाऊन तात्यांना घेऊन आला. तोवर संस्थेनं आपला शब्द पाळला होता. बसथांब्यावर आता एका बाईचा चेहरा होता, कुणाच्या तरी घरातल्या बाईचा. तात्यांनी त्या बाजूला बघितलंही नाही. पण बोलणं तेच राहिलं. संस्थेची बाई अधूनमधून यायची, वजन करायची, चहा घ्यायची. काकूंचा डबा चालूच होता. नवरा आता सिंकमध्ये बघत नसे. बघू नये म्हणून मुद्दाम दुसरीकडे तोंड करून पाणी प्यायचा, आणि तेही तिला दिसायचं.

एका दुपारी जेवण झालं होतं. सुनेनं तात्यांचं तोंड पुसलं, ताट उचलायला हात पुढं केला. तात्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि तिला जवळ ओढलं.

"बाई, तुम्ही आलात ते बरं झालं," ते कुजबुजले. "वजन करायला आलात ना?"

ती वाकून ऐकू लागली.

"एक सांगायचं राहिलं होतं. मी तक्रार केली खरी, पण सुनेला काही करू नका. तिला बोलावू नका कुठं. तिच्या मनात वाईट नाही."

"मग?"

"विसरते बिचारी," तात्या म्हणाले. "खूप कामं असतात तिला. जेवायला द्यायचंच राहून जातं."

सुनेनं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं. ताट घेऊन ती ओट्याशी गेली. ते धुऊन, पुसून तिनं पातेल्याच्या तळाशी उरलं होतं ते थोडंसं त्यात वाढलं आणि आणून त्यांच्यापुढे ठेवलं. तात्यांनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे तुम्ही आणलंत?"

"हो."

"तिला सांगू नका हं, मी बोललो म्हणून."

"नाही सांगत," ती म्हणाली, आणि ते खात होते तोवर शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली.